घड्याळाचा सेल आणि पिवळा पक्षी

बाबा गेले त्या दुपारी आमच्या लालबागच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. हे आधी आत्याच्या लक्षात आलं. ती गिरगावातून रडतच आली, बाबांच्या पायाशी बसली, डोळे पुसायला मान वर केली आणि एकदम थबकली.

"वहिनी, घड्याळ बघा! दादा गेला आणि काटे थांबले."

सगळ्यांनी वर पाहिलं. काटे चारच्या आसपास होते, आणि बाबाही दुपारच्या झोपेत साधारण तेव्हाच गेले होते. आईने हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

सुतकात भेटायला येणारे आधी बाबांच्या फोटोला आणि मग घड्याळाला नमस्कार करू लागले. कोणीतरी घड्याळाला हारही घातला, तोही फोटोच्या हारापेक्षा मोठा. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्याच दुपारपासून बंद होता, पण त्याच्याकडे कोणी भक्तिभावाने पाहिलं नाही.

तो हार वाकडा झाला म्हणून मी स्टुलावर चढलो आणि घड्याळ जरा उचललं. मागचा कप्पा रिकामा होता. बंद पडलेल्या घड्याळात निदान मेलेला सेल तरी असतो.

तेवढ्यात आतल्या खोलीतून शीळ ऐकू आली. धाकट्या भावाची मुलगी तिच्या पिवळ्या कापडी पक्ष्याचं पोट दाबत होती. हा पक्षी बाबांनीच तिला दादरहून आणून दिला होता. पोट दाबलं की गातो आणि सेल मात्र शेंगदाण्यासारखे खातो. आता त्याचा आवाज इतका खाली गेला होता की गाणं संपताना तो घसा खाकरतोय असं वाटायचं.

मी तिला हळूच विचारलं, "याला सेल कोणी घातले गं?"

"आजोबांनी. एक रिमोटचा, एक घड्याळाचा. मी रडत होते ना."

तिला चॉकलेट देऊन मी गप्प केलं. बाहेर आई प्रत्येकाला तेच सांगत होती, "हे गेले आणि घड्याळ थांबलं." सांगताना तिचा आवाज जरा सावरायचा. पोरीने भर घरात तोंड उघडलं असतं तर आईचा तेवढाही आधार गेला असता. त्यामुळे दुःख करायचं सोडून मी दिवसभर एका पक्ष्यावर आणि एका चार वर्षांच्या मुलीवर पहारा ठेवू लागलो. इतकी चॉकलेटं तिला एरवी वर्षभरात मिळाली नसती.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले. पक्षी एकदा गुरगुरला आणि कायमचा थांबला. पोरीने भोकाड पसरलं.

आई आतून म्हणाली, "अरे, खालून दोन नवे सेल आण तिला. आणि पक्ष्यातला घड्याळाचा सेल घड्याळात परत घाल."

मी आत गेलो.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? ह्यांनी सेल काढला तेव्हा स्टूल मीच धरलं होतं."

"मग सगळ्यांना ते थांबलं-थांबलं काय सांगत होतीस?"

"वन्संचं रडणं थांबेना, ते त्याने थांबलं. आणि मलाही बरं पडलं. नाहीतर येणारा प्रत्येक जण विचारणार, शेवटचं काय बोलले, शेवटचं काय बोलले. घड्याळ दाखवलं की कोणी विचारत नाही."

मी विचारलं, "काय बोलले?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मग तसाच डोळ्यांना लावला.

"'स्टूल नीट धर.' मग खाली उतरले, पक्षी वाजवून दाखवला आणि आडवे झाले."

मी नवे सेल आणले. पक्षी असा काही किंचाळला की शेजारचे डोकावून गेले. त्याच्या पोटातून निघालेला सेल मी घड्याळात घातला. चालेल असं वाटलं नव्हतं, पण बाबा म्हणायचे ते खरं होतं: पक्ष्याला पुरत नाही तो सेल घड्याळाला पुष्कळ होतो. काटा जरा अडखळला आणि निघाला. स्टूल आईने धरलं होतं.

मासिक श्राद्धाला आत्या आली. आल्या आल्या तिची नजर भिंतीकडे गेली आणि चेहराच पडला.

"वहिनी, हे चालू कसं झालं?"

आई पानं वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "पोचले असतील."