उजवीकडची अक्षरं

चष्मेवाल्याकडे कुणी डोकं धरून आलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘नंबर कधी तपासलात?’ बहुतेकांना खरंच चष्मा निघे, त्यामुळे गडी स्वतःवर भलताच खूश.

तोंड कायम लालबुंद. लोक म्हणत, ‘बायकोनं थोबाडीत दिली वाटतं!’ हा खो खो हसे. खरं म्हणजे त्याच्या अंगात गरजेपेक्षा जास्त रक्त तयार व्हायचं आणि दाट व्हायचं. अधूनमधून दवाखान्यात जाऊन पिशवीभर काढून टाकावं लागे. नर्सबाई दर खेपेला बजावत, ‘काका, डोकं जड राहिलं तर रक्त तपासून घ्या. आणि एकाएकी दुखलं, दिसेनासं झालं, हातपाय बधिर पडले, तर असाल तसे निघून या.’

‘येतो की! रक्त मी देतो, चहा तुम्ही पाजा,’ म्हणून हा मोकळा.

एके सकाळी दुकान उघडतानाच डोक्यात घण पडू लागले. समोरची पाटी धड वाचता येईना. पठ्ठ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसला, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

‘अगं, भिंगांची पेटी आण. नंबर वाढलाय.’

‘अहो, नर्सबाई काय म्हणाल्या होत्या?’

‘त्यांनी सुया टोचाव्यात. डोळ्यांचं मला कळतं.’

बायको भिंगं बदलत राहिली. हे घाल, ते काढ. दुपार झाली तरी एकही भिंग लागू पडेना. मग तिच्या ध्यानात आलं, की भिंतीवरच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतली डावीकडचीच अक्षरं हा वाचतोय.

‘थट्टा पुरे. पुढचं वाचा.’

‘पुढे कुठे काय आहे?’

तिच्या हातातलं भिंग फरशीवर पडून फुटलं. शटरही न ओढता तिनं त्याला रिक्षात घातलं.

रक्ताची गुठळी मेंदूत अडकली होती. दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं दिसणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी विचारलं, ‘सकाळपासून करत काय होतात?’ बाई खाली मान घालून म्हणाली, ‘भिंगं बदलत होतो.’

जिवावरचं डोळ्यांवर निभावलं, असं शेजारी म्हणाले. आता भिंगं बाई घासते, तो शेजारी बसून शिकवतो. बोलता बोलता मध्येच थांबतो.

‘अगं, गेलीस कुठे?’

ती त्याच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर असते. ‘ही काय, इथेच,’ म्हणते आणि स्टूल उचलून डाव्या बाजूला जाऊन बसते.