दत्ताची कर्कश गिटार

मधल्या सुट्टीत शिपायानं येऊन सांगितलं, “मास्तर, दत्ता गिटारवाला सकाळी गेला.” हातातला खडू मी खाली ठेवला, आणि मनात पहिली जी भावना आली ती दुःखाची नव्हती. आता रविवारी त्याच्या घरी जाऊन ओरडावं लागणार नाही, असं वाटलं… हायसं वाटलं. त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं असा रिवाज आहे, परंतु दत्ताच्या बाबतीत तो पाळला तर लेख चार ओळींत संपेल. तो दुष्ट जिभेचा माणूस होता. आणि मी, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, त्याच्या जाण्यानं क्षणभर सुखावलो. दोघांपैकी अधिक दुष्ट कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत रत्नागिरीत रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते, तरी गावोगावच्या सार्वजनिक पूजांना ऑर्केस्ट्राशिवाय शोभा नसे. बापूंच्या ऑर्केस्ट्रात दत्ता गिटार वाजवी आणि विज्ञान शिकवणारा मी ध्वनियंत्रणा सांभाळी. कचेरीत दत्ता कारकून होता, तिथं त्याला कोणी विचारत नसे. पण गिटार गळ्यात अडकवली की पावसपासून दाभोळपर्यंत लोक त्याला नावानं हाक मारीत. त्याचा कान असा तयार, की ढोलकीची शाई जरा ओलसर झाली तरी तो मान वळवून बघे, आणि मग सगळ्यांसमोर ढोलकीवाल्याची चामडी सोली. शैला ही आमची गायिका, मिरकरवाड्यातल्या मासळीचा व्यापार करणाऱ्या घरातली. तिचा सूर जरा चढला की हा गाणं थांबवून म्हणे, “शैले, लिलाव नाय चाललाय गो, गाणं चाललंय.” वादक हसत. ती पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

पुढं एका मोसमात तक्रारी येऊ लागल्या. गिटारचा आवाज कर्कश झाला होता. पावसच्या एका बागायतदारांनी बापूंना स्टेजमागं गाठून सांगितलं, “तुमचा तो गिटारवाला कानात सुया घालतो हो.” बापू व्यवहारी गृहस्थ. त्यांनी मला बजावलं, “मास्तर, गिटारीत काय असेल ते शोधा. हेदवीच्या कार्यक्रमापर्यंत सुधारली नाही तर मी दुसरा माणूस बघतो.” हे मी दत्ताला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “गिटारीत काय नाय. ऐकणाऱ्यांची कानं मेली रेडिओवर पोसलेली.”

तरी मी शोधत राहिलो. आमच्याकडं खाऱ्या हवेनं तारा लगेच गंजतात, म्हणून दत्ता प्रत्येक कार्यक्रमाला नव्या तारा चढवी, आणि नवी तार नेहमीच जास्त तीक्ष्ण बोलते. मी त्याला वापरलेल्या तारा लावायला लावल्या. तारांखालचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारी लोहचुंबकावरची गुंडाळी, तारांना फार जवळ आला होता. स्क्रू फिरवून तो खाली उतरवला. अखेर गिटार उघडली तेव्हा आत आवाजाच्या बटणाचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध, रेडिओतला सापडला, एक मेगोहमचा. अशा पिकअपला त्याच्या चौथाईचा पॉट लागतो. तो वरचे सूर थोडे गाळून घेतो, हा मात्र सगळेच्या सगळे बाहेर सोडतो. जुना पॉट गंजला असेल आणि कोणा रेडिओवाल्यानं हाताशी होता तो डकवला असेल, असा मी तर्क केला. मुंबईहून योग्य पॉट मागवून बसवला. आवाज नारळाच्या मलईसारखा झाला. बापूंनी मान डोलावली.

दत्तानं एक गत वाजवली आणि गिटार खाली ठेवली. “मास्तर, गोणपाटात गुंडाळलीस की रे हिला!” पुढच्या तालमीला आवाज पुन्हा सुईसारखा. पिकअप वर चढवलेला, आत तोच रेडिओचा पॉट. तेव्हा मला कळलं, की तो कोणी चुकून बसवलेला नव्हता. दत्तानंच मुद्दाम बसवून घेतला होता. तक्रार गिटारीची नव्हती. वर्षानुवर्षं भोंग्यांशेजारी उभा राहिलेला तो कान वरचे सूर ऐकेनासा झाला होता, आणि दत्ता ते गिटारीकडून ओरबाडून घेत होता.

मी हे कोणाला बोललो नाही, पण शैलाला सांगण्याची गरजच पडली नाही, तिनं ते आपणच ओळखलं होतं. हेदवीला निघण्याआधीच्या तालमीत ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “दत्तादा, तुमचा कान म्हणजे सोनं. मास्तर तार छेडतील, मी टोनचं बटण फिरवते. तुम्ही पाठ करा आणि कधी फिरवलं ते सांगा.” दत्ता ऐटीत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी बारीक तार छेडत राहिलो. तिनं बटण पूर्ण बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. काच आणि चिखल यांत जेवढं अंतर तेवढा फरक होता. मला थांबता आलं असतं…

“फिरव ना गो मेले, झोपलीस काय?” दत्ता म्हणाला.

“तीनदा फिरवलं, दत्तादा.”

ढोलकीवाला पहिल्यांदा फिसकला, मग सगळेच. दत्ता वळला. त्यानं एकेकाचा चेहरा नीट पाहिला, गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. दारातून शैलाला म्हणाला, “बरं झालं गो. आता तुझा गळा वर चढला की मला सुट्टी.” पुन्हा कोणी हसलं नाही.

हेदवीला त्याच्या जागी चिपळूणचा एक तरुण उभा होता. दत्ता स्वतःच्या पैशानं एसटीनं आला, पहिल्या रांगेत बसला आणि शेवटी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “फार छान वाजवलंस. मला ऐकू आलं नाय म्हणून सांगतो.”

त्यानंतरची वर्षं घरात गेली. वरच्या सुरांमागून माणसांचे शब्दही गेले. माझा आवाज मुळातच हलका. दर रविवारी मी जाई, आणि तो दर रविवारी म्हणे, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? पोरं पास कशी होतात तुझी?” मी ओरडून बघे. ओरडताना प्रेमाचं वाक्यसुद्धा भांडणासारखं होतं. शेवटी शेवटी मी निरोपाचं तेवढं ओरडत असे.

परवा सुमनवहिनींना भेटायला गेलो. दत्ताच्या पत्नी. मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्या अगदी समोर येऊन, ओठ मोठे करून ओरडल्या, “चहा घेणार ना भावोजी?” मग स्वतःच दचकल्या. बशी माझ्या हातात देत हलक्या आवाजात म्हणाल्या, “सवय जात नाही मेली. अंगण झाडणारी बाई काल म्हणाली, वहिनी, मी बहिरी नाय.” त्या खांबाला टेकून बसल्या. आतल्या खोलीकडं बघत म्हणाल्या, “खरं सांगू? हे समोर असले की ओरडायची, आणि पाठ फिरली की हळूच मनातलं सगळं बोलून घ्यायची. तुम्ही माझं वाटोळं केलंत, म्हणायची. रोज. ते शांतपणे पान लावत बसायचे.” बोलता बोलता त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“काल तेच बोलायला तोंड उघडलं भावोजी… आणि वाटलं, आता ऐकतील.”