चाळीस अक्षरांचा पत्ता

शिवकांता नऊ वर्षांची असताना भूकंपात तिचं गाव पडलं. पुढं चार किलोमीटरवर सरकारनं घरं बांधून दिली, आणि तेव्हापासून औसा तालुक्यातल्या त्या माळेवाडीची दोन गावं झाली. जुन्या गावात दगड आणि बाभळी राहिल्या. माणसं नव्या गावात राहायला गेली. पिनकोड मात्र दोन्हींचा एकच.

बारावीनंतर ती लातूरला आली. ट्यूशन एरियात विरूपाक्ष सरांचं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या प्रश्नसंचांचं दुकान होतं. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सरांनी तिला पार्सलवर पत्ते लिहायला ठेवून घेतलं. पुढं दुकानाची वेबसाइट झाली, तसा तिच्यासमोर कॉम्प्युटर आला. रोज सकाळी ऑर्डरींची फाइल उतरवून घ्यायची. मुलांनी पत्ता, फोन, पुस्तकांची नावं कशीही भरलेली असत. ते सगळं कुरिअरच्या सॉफ्टवेअरला लागतं तसं रकान्या-रकान्यात बसवायचं. त्यातही पत्ता चाळीस अक्षरांत मावला पाहिजे, नाहीतर फाइल परत. शिवकांता प्रत्येक पत्ता वाचायची, 'यांच्या घरासमोर', 'जवळ' असलं काढून टाकायची आणि मोक्याचं तेवढं ठेवायची. दोनशे ऑर्डरींना दुपार व्हायची. हे काम आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, याचा तिला अभिमान होता.

२०१९च्या मार्चमध्ये मृण्मयी दुकानात कामाला आली. तेवीस वर्षांची, वडील कॉलेजात प्राध्यापक. तिनं दोन दिवस शिवकांताशेजारी बसून काम पाहिलं, तिसऱ्या दिवशी काहीतरी फॉर्म्युले लिहिले आणि दोनशे ऑर्डरी दहा मिनिटांत बसवून दाखवल्या.

"लई भारी," विरूपाक्ष सर म्हणाले. "इतकी वर्षं आपण उगंच झिजत होतो की."

आपण म्हणजे कोण, हे शिवकांताला बरोबर कळलं. फाइल मृण्मयीकडं गेली, शिवकांताकडं पॅकिंग आलं.

त्या दिवसापासून तिला मृण्मयीचं काहीच सहन होईना. तिची स्कूटी, डब्यातली भाजी, फोनवरचं मोकळं हसणं. "ताई, चहा घेता का?" असं तिनं विचारलं तरी वाटे, ही कीव करतेय. घरी जाऊन ती नवऱ्याला, दयानंदला, तेच तेच सांगे.

आठवडा गेला असेल. पार्सलवर चिकटवायच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या बघताना तिला आपल्याच गावचं नाव दिसलं. 'माळेवाडी' एवढंच. पुढचं 'नवे गाव' नव्हतं. तिनं बाकीच्या चिठ्ठ्या चाळल्या. फॉर्म्युला पहिली चाळीस अक्षरं ठेवत होता आणि उरलेली सरळ कापत होता. मोक्याचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

मृण्मयी दोन हातांवर बसली होती. शिवकांतानं चिठ्ठी पार्सलवर चिकटवली आणि पुढचं पार्सल उचललं.

नंतर रोज अशा चिठ्ठ्या येत गेल्या. रोज तिनं त्या गुपचूप चिकटवल्या. किती दिवसांनी उघडं पडतं, एवढंच तिला बघायचं होतं.

एप्रिलच्या मध्याला पार्सलं परत येऊ लागली. एकाच दिवशी एकोणीस. विरूपाक्ष सरांनी सगळ्यांसमोर मृण्मयीला झाडलं. ती खाली मान घालून उभी होती. दुपारी शिवकांता दोन घास जास्तच जेवली.

चारच्या सुमाराला दुकानाचा फोन वाजला. तिनंच उचलला.

"मी ऋतुजा बोलतेय, नव्या माळेवाडीहून. माझी पुस्तकं आली का वो परत?"

"आलीत," शिवकांता म्हणाली.

"कुरिअरवाला जुन्या गावात येऊन गेला म्हणं. परत येईल म्हणून मी तीन दिवस तिथंच थांबले. पेपर दोन आठवड्यांवर हाय, ताई. माझा हा दुसरा चान्स हाय."

त्या दगडांमध्ये पुस्तकांची वाट बघत उन्हात बसलेली पोर तिच्या डोळ्यांपुढं आली. फोन ठेवून ती सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, चूक मला आधीच दिसली होती. महिना होत आला."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तिला बोलणी बसावीत असं वाटत होतं."

सरांनी परत आलेली पार्सलं तिच्यापुढं सरकवली. मृण्मयीनं मात्र तिच्याकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

शिवकांतानं ऋतुजाचं पार्सल पिशवीत घातलं, औशाची एसटी धरली आणि दिवस मावळायच्या आत ते तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी बाकीचे अठरा पत्ते तिनं हातानं दुरुस्त केले.

तीन दिवसांनी मृण्मयी तिच्याजवळ आली. "चाळीसच्या वरचे पत्ते वेगळे निघतील असं केलंय. ते तुम्ही बघा." आवाजात गोडवा नव्हता. 'ताई' हा शब्दही नव्हता.

"बघते," शिवकांता म्हणाली.

रोज तीस-पस्तीस पत्ते तिच्याकडं येऊ लागले. ती ते नीट करी. शेजारी मृण्मयीची बोटं भराभर चालत, आणि ती चालताना पाहिली की शिवकांताच्या छातीत अजूनही काहीतरी टोचे. पुढच्या वर्षी मृण्मयी पुण्याला गेली. जाण्याआधी आठवडाभर तिनं शिवकांताला फॉर्म्युले शिकवले. शिकवताना एकदाही हसली नाही, पण एकही गोष्ट हातची राखली नाही.