शेवटचा सीन पारावर

थ्रिलर पिच्चर म्हणलं की माझं डोकंच उठतं. आदी ढँण ढँण वाजवून सांगायचं, आता भ्या. आणि निघणार काय, तर मांजर! बाई एकटीच अंधाऱ्या घरात शिरणार, पण दिवा लावायचं काही सुचणार न्हाई. मोबाइल ऐन वेळी बंद. घडीभर ह्याच्यावर संशय, घडीभर त्याच्यावर, आणि शेवटी खुनी कोण? सगळ्यात भला दिसणारा! डोंबल तुमचं. एक पाहिला की सगळे पाहिले.

आमच्या मालकांनी, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, इथं आमच्या पेडगावात बसून मोबाइलवर असले लय पाहिले. त्यांना वाटायला लागलं, आपल्याला माणसं ओळखता येतात.

गेल्या मृगात रानाला वाफसा आला. पेरायचं तर दोन दिवसांत, नंतर ओल उडून जाते. आमचा एक बैल, शेजारच्या भाऊजींचा एक. आमी सावड करून दोन्ही रानं पेरतो. बैलासंगं माणूसही राबायला येतो. नेमकी त्याच सकाळी आमची गाभण शेळी दावं तोडून गेली. भाऊजी आमच्या आदी धावले, नाल्याकाठानं हुडकत फिरले. झालं! 'जो आदी हुडकायला येतो, त्याच्याकडंच माल असतो,' मालक माझ्या कानात सांगायलेत.

मी म्हणलं, 'अहो, दिवस भरलेत तिचे. आडोशाला व्यायला गेली असंल.' शेळ्यांत वाढलेल्या माणसाला एवढं कळू नये? पण सोपं उत्तर पिच्चरात कधी खरं असतं का!

दुपारी त्यांनी पारावर माणसं गोळा केली, शेवटच्या सीनमधी करतात तशी. एकेकाच्या तोंडाकडं बघत, मधीच थांबत, भाऊजींकडं बोट केलं. 'बघा, कसा गप्प बसलाय!' हे म्हणाले. भाऊजी उठले, पेरणीसाठी आमच्या गोठ्यात आणून बांधलेला त्यांचा बैल सोडला आणि घरी गेले.

दिवस मावळायच्या आत शेळी आली, मागं दोन लटपटती करडं. मालकांचं तोंड एवढंसं झालं. पिच्चर इथं संपतो, लोक उठून जातात. आमचं रान तसंच पडलेलं होतं.

सकाळी मीच भाऊजींच्या दारात गेले, हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी बैल सोडला आणि दावं माझ्या हातात दिलं.

'न्या, वैनी. रान वाळायला नको. पण बैलच न्या. मी येणार न्हाई.'