संच दोनचे आप्पा आणि त्यांची लेक

आप्पा औष्णिक वीज केंद्रात पाळीप्रमुख होते. तिथला वीज बनवणारा संच दोन त्यांच्या ताब्यात. कोळसा जळतो, पाणी उकळतं, वाफ चाक फिरवते आणि देशात दिवे लागतात, एवढंच आपलं काम, असं ते सांगत. यात सांगण्यासारखं काही नाही असं त्यांचं मत होतं. तरी ते सांगत.

लेक राजधानीत भार-नियंत्रण कक्षात लागली. कुठल्या केंद्राने किती वीज करायची हे तिथून ठरतं. म्हणजे बाप वीज करायचा आणि किती करायची ते लेक सांगायची. आईला यात नवल वाटलं नाही. घरातही तसंच होतं.

बिनसलं ते एका सुट्टीत, जेवताना. लेक म्हणाली, "बाबा, कोळशाची केंद्रं आता बंद व्हायला हवीत. तुमचा खोकला बघा."

"माझ्या खोकल्याला मध्ये आणू नकोस," आप्पा म्हणाले. "त्याच कोळशावर शिकलीस."

"म्हणूनच कळतंय."

आप्पांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. फक्त कामाचं चालू राहिलं. ते फोनवर असे आणि रेकॉर्ड होई.

दुपारी ऊन तापलं, सौर वीज भरपूर आली, की फोन वाजे. "संच दोन, लोड कमी करा."

"कमी करतो."

"अजून कमी."

"याखाली जाळ विझेल. बॉयलर आहे, दिव्याचं बटण नाही."

सूर्य कलला, घरोघरी दिवे लागले, की पुन्हा तोच आवाज. "संच दोन, लोड वाढवा. लवकर."

"गरज सरो, वैद्य मरो," आप्पा म्हणत आणि वाढवत. तेही रेकॉर्ड झालं.

मग एका संध्याकाळी, ऐन मागणीच्या वेळी, बॉयलरची नळी फुटली. संच बंद पडला. लेकीच्या पडद्यावर संच दोनचा आकडा शून्यावर आला. तिने आधी आवश्यक तेवढ्या भागांची वीज तोडायला सांगितली. मग फोन लावला. उचलला मदतनिसाने.

"पाळीप्रमुख कुठे आहेत?"

"खाली गेलेत."

"खाली म्हणजे?"

"वाफेत."

 लेक म्हणाली, "त्यांना फोनवर बोलवा. आत्ता."

आप्पा धापा टाकत वर आले. त्यांनी रिसीव्हर घेतला.

"बाबा, लागलं का?"

आप्पा आधी खोकले. "संच बंद आहे. माणूस चालू आहे," ते म्हणाले. आणि जरा हळू, "हात थोडा भाजलाय. आईला सांगू नकोस."

हे सगळं वरिष्ठांनी नंतर ऐकलं. लेकीला समज मिळाली. आप्पांनाही विचारणा झाली. "माणूस चालू आहे" हा तांत्रिक शब्दप्रयोग आहे का? आप्पा म्हणाले, "आहे."

पुढच्या सुट्टीत लेक घरी आली. हाताची पट्टी तिनेच बदलली. आप्पा हात पुढे करून बसले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी पहिले दिवे कुणाचे घालवलेस?"

"आपल्याच भागाचे. पहिला नंबर तुमचाच लागत होता."

"बरोबर केलंस," आप्पा म्हणाले.

आई आतून बाहेर आली. "म्हणजे ती तू होतीस? मी लिफ्टमध्ये अडकले होते! भाजीची पिशवी घेऊन, शेजारच्या आजोबांबरोबर! त्यांनी मला त्यांची सगळी दुखणी सांगितली, गुडघ्यापासून!"

त्यानंतर तिघं बराच वेळ बोलत होती. मुख्यतः आई.

पुढल्या वर्षी संच दोन कायमचा बंद झाला. तो आदेश लेकीच्या पाळीत आला नाही, दुसऱ्याच कुणी तरुणाने दिला. आप्पांनी "बंद करतो" म्हणून रिसीव्हर ठेवला. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या मुलाला बोलायची काही पद्धत नाही.