त्सुरुओकासानची पांढरी गाडी

जपानमधल्या हामामात्सू शहरात पियानो सुरात लावून देणारे त्सुरुओकासान साठीला टेकले, तेव्हा बँकेतली शिल्लक काढून त्यांनी एक पांढरी स्पोर्ट्स कार घेतली. पन्नास वर्षांपूर्वीची, दोनच माणसं मावतील अशी. मी त्यांचा शेजारी. मला म्हणाले, "असल्या गाड्या आता बनत नाहीत. दहाएक वर्षं सांभाळली की म्हातारपणी कसली ददात नाही."

तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. समुद्रावरून वारा सुटला, की खारी हवा पत्रा खाईल म्हणून गॅरेजच्या फटींत चिंध्या कोंबायचे. जमीन जराशी हलली, की बायकोच्या आधी गाडीकडे धावायचे. गिऱ्हाइकाच्या पियानोवरून मध्येच उठून घरी फोन करायचे, "शटर नीट लावलंय ना?"

"लावलंय हो," त्यांच्या बायको फुसाएसान म्हणायच्या. "राणीसरकार झोपल्यात. बाजारात सायकल हाणायला मी आहेच."

एकदा त्या म्हणाल्या, सरोवरापर्यंत चक्कर तरी मारू या. "किलोमीटर वाढले की किंमत उतरते," एवढंच उत्तर मिळालं.

चौथ्या वर्षी मोठं वादळ आलं. भर दुपारी नदी फुगली, टेकडीवरच्या शाळेत जा म्हणून भोंगे ओरडू लागले. फुसाएसानच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, पाऊल टाकवत नव्हतं. गल्लीत दुसरी गाडी नव्हती. आणि त्सुरुओकासान किल्ली हातात धरून शटरपाशी नुसते उभे! पाणी बुटांना लागलेलं.

"अहो, विचार कसला करताय?" फुसाएसान कडाडल्या. "बुडाल्यावर माझी किंमत वाढणार आहे का?"

त्यांनी बायकोला उचलून गाडीत बसवलं आणि गाडी काढली. वळणावर आडव्या पडलेल्या बांबूंनी दार या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडलं. ते थांबले नाहीत.

पाणी ओसरल्यावर शाळेतून परतले, तर घरात चिखल शिरला होता. जमीन उखडून नवी घालायची, तर गाडी विकण्यावाचून इलाज नव्हता. ओसाकाच्या एका डॉक्टरने ती घेतली, जवळजवळ निम्म्या किमतीत. दोन वर्षांनी कळलं, तसल्या गाड्यांचे भाव दुपटीवर गेलेत. त्सुरुओकासान दिवसभर घरात येरझारा घालत राहिले.

"बसा आता," फुसाएसान चहा ओतत म्हणाल्या. "आता त्या डॉक्टरची झोप उडाली असेल बिचाऱ्याची. पण काय पळत होती हो ती!"

ते बसले खरे, पण चहा निवेपर्यंत पेल्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी उचलून कामाला गेले. सत्तरीतही जातात.