सुमन नावाची हाक

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला असोद्याची आमची गल्ली आठवते. तेव्हा लेक झाली की जो तो तिचं नाव सुमन ठेवायचा. एकट्या आमच्या गल्लीत आम्ही तिघी सुमन होतो. चौथी सुमन, समोरच्या अक्कांची मुलगी, तापाने गेली होती. तरी अक्का तिन्हीसांजेला दारात येऊन "सुमन" अशी हाक मारायच्या, आणि आमच्या आया आम्हाला घरात ओढून घ्यायच्या. एकदा मी अंगणात एकटीच होते. हाक आली आणि माझ्या तोंडून "ओ" निघून गेलं. दारातल्या चुलीपुढून अक्का हसत उठल्या. "कुठी गेलती वं माय इतले दिवस?" म्हणत त्यांनी मला चुलीपाशी बसवलं, माझी वेणी सोडून पुन्हा घातली, भरीत-भाकरीचा घास भरवला. मला भीती वाटली नाही, उठावंसंही वाटलं नाही. तेवढ्यात आई धावत आली. "ही माझी बेबी हाये, अक्का," असं म्हणून तिने मला उचललं. आता सुमन हे नाव कुणी मुलीला ठेवत नाही. आईनेही त्या संध्याकाळनंतर मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. तिचे डोळे मिटेपर्यंत मी बेबीच राहिले.